हाराखालचा हात

तात्या, व्यासपीठावरची मंडळी, लीलाकाकू, आणि समोर बसलेले भाऊ हो, बाया हो,

मला बोलता येईल असं वाटत नव्हतं. अमडापूरहून सकाळची गाडी धरली, चिखलीला बदलली, आणि सगळ्या रस्त्यानं मनाला एकच बजावत आले की कमल, रडायचं नाही. इथं आले, हा टेबलावरचा फोटो पाहिला आणि रडू कुठल्या कुठं पळालं. राग आला. तर मी रागानंच बोलणार आहे. शोकसभेत असं बोलत नाहीत, मला कळतं. पण मला दुसरं काही बोलताच येणार नाही.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांना सांगते. मी कमल. माझं माहेर इथून दोन कोसांवर. अमडापूरच्या दवाखान्यात नर्स आहे. ट्रेनिंगला शहरात राहिले, तिथं माझी बोली सुधारली असं लोक म्हणतात. राग आला की मात्र माझी मायच माझ्या तोंडून बोलते. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्याआधी चार जण बोलले. एक म्हणाले, नामदेवराव फोटोवाले म्हणजे आपल्या गावाचा दागिना. एक म्हणाले, सच्चा कलावंत. आणि एक म्हणाले, अजातशत्रू. अजातशत्रू! मी खुर्चीला धरून बसले होते तेव्हा. मागच्या मंगळवारी नामदेवकाका दम्यानं गेले. त्यांच्या दारात त्या दिवशी किती चपला होत्या, ते लीलाकाकूंना विचारा. हा मंडप कुठं होता तेव्हा? हे हार कुठं होते?

सकाळी गाडीतून उतरले ती आधी काकूंना घरी भेटले. त्या म्हणाल्या, "कमल, मले कोणाकडून काही नाही पाह्यजे. फकत ती गोष्ट चारचौघांत कोणीतरी बोला. ते गेले तरी बोला." म्हणून मी उभी आहे. ती गोष्ट कोणती, ते इथं तिशीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत आहे. खाली पाहू नका. मी अजून सुरूही केलं नाही.

आधी काकांचं काम काय होतं ते सांगते, कारण तरुण पोरांना वाटतं फोटोवाला म्हणजे बटण दाबणारा. काकांचं दुकान बालाजीच्या देवळाच्या रस्त्याला, न्हाव्याच्या दुकानाला लागून. लग्नाचे फोटो तर ते काढायचेच. पण त्यांचं खरं कसब होतं कागदाच्या फोटोचं. लायसनला फोटो, पेन्शनला फोटो, परीक्षेच्या फॉर्मला फोटो, पासपोर्टला फोटो. आपल्याकडं माणूस जन्मात एकदा फोटो काढणार, तोही घोळक्यात. लग्नातला, नाहीतर जत्रेतला. मग सरकारी फॉर्म येतो, त्यावर एवढासा चौकोन असतो, आणि माणूस तो जुना घोळका घेऊन काकांकडं जातो. म्हणतो, "एवढ्यातून मले तेवढा काढून द्या."

काका काढून द्यायचे. जुना फोटो भिंतीवरच्या फळीला टाचण्यांनी लावायचे आणि फोटोचाच फोटो घ्यायचे. मग अंधाऱ्या खोलीत मशीन वर नेली की तोंड मोठं, खाली आणली की लहान. हातात लाकडी पट्टी. मोजायचे आणि म्हणायचे, "हनुवटीपासून केसापर्यंत एक इंच. त्याच्याहून कमी झालं तर साहेब म्हणते ओळखू येत नाही, जास्त झालं तर म्हणते चौकोनात बसत नाही. साहेबाले माणूस मापातच लागते."

करीमचाचा तिथं खांबापाशी बसले आहेत. त्यांना हजला जायचं होतं. जन्मात फोटो काढलेला नाही. काकांसमोर बसले आणि डोळे गच्च मिटून घेतले. काकांनी तीनदा काढला, तीनदा मिटलेले. शेवटी काका ओरडले, "चाचा, डोळे उघडा न! झोपलेल्या माणसाले बोटीत घेत नाहीत!" चाचा हसले आणि तेवढ्यात काम झालं. चाचा, मी खोटं बोलत असेन तर सांगा. हे पहा, मान हलवताहेत. आणि हेही सांगते की सगळ्या गावानं पाठ फिरवल्यावर या दुकानाच्या पुढच्या दारानं उजळमाथ्यानं येणारे दोन-चारच होते. त्यातले एक करीमचाचा.

आता माझी गोष्ट.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या सालचं माझं लग्न. सतरा वर्षांची होते. दोन वर्षांत पोर झालं नाही म्हणून नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. बैलगाडीतून उतरवलं, पेटी उतरवली आणि गाडी वळवली. पाणीसुद्धा प्याला नाही. माझे वडील त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी सातवी पास होते. माझे मामा अकोल्याला. त्यांनी नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म चोरून पाठवला. फॉर्मवर चौकोन होता आणि फॉर्म पोचायला राहिले होते पाच दिवस.

वडिलांना विचारायची सोय नव्हती. ते म्हणायचे, टाकलेली पोरगी बाजारात जाऊन फोटो काढून घेते, हे ऐकण्याआधी मी विहीर जवळ करीन. घरात माझा एकच फोटो होता. लग्नातला, जोडीचा. नवरा आणि मी, मुंडावळ्यांसकट.

माझ्या मायनं तो फोटो ज्वारीच्या पिशवीत घातला आणि बाजाराच्या दिवशी काकांपुढं ठेवला. म्हणाली, "भाऊ, ह्याच्यातून माही पोरगी तेवढी काढून द्या. फारमाले लावाची हाये. पण हे कोणाले सांगू नका. तिच्या बापाले समजलं तर माह्या हाडाचा भुगा होईन आन पोरगी जन्मभर चुलीपाशी राहीन."

काका म्हणाले, "वैनी, तुम्ही बाजार करून या."

मायनं कसला बाजार केला! देवळाच्या पायरीवर बसून राहिली. इकडं काकांनी काय केलं ते त्यांनी मला पुढं स्वतः दाखवलं. जोडीचा फोटो फळीला लावला. त्याचा फोटो घेतला. कागदावर उतरवला. पट्टी लावली तर माझं तोंड अर्ध्या इंचाचं. माप जमेना. तो कागद कात्रीनं कापून चौकोनावर ठेवून पाहिला, लहान. मशीन वर नेली, पुन्हा उतरवला, पुन्हा कापला. नवऱ्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, तो कापावा लागला. मुंडावळ्या गालावर आल्या होत्या. मुंडावळ्या घातलेली नर्स कोण घेईल? त्या त्यांनी बारक्या ब्रशनं रंग लावून झाकल्या. तिसऱ्या खेपेला माप बसलं. दिवेलागणीच्या आत मायच्या हातात माझे तीन फोटो होते, आणि सोबत जोडीचा फोटो, होता तसा. टाचणीची भोकंसुद्धा कोपऱ्यांवर, तोंडांवर नाही.

त्या दिवशी काकांच्या हातून एक चूक झाली. एकच. कापलेल्या कागदांचे तुकडे त्यांनी जाळायला पाहिजे होते. घाईत त्यांनी ते दुकानापुढच्या कचऱ्यात झाडले.

शेजारच्या न्हाव्याकडं एक मोठे गृहस्थ दाढी करून उठले होते. माझ्या लग्नात ते पंगतीला होते. कचऱ्यात त्यांना माझ्या नवऱ्याचं अर्धं तोंड दिसलं. उचललं, हसले आणि दुकानात डोकावून म्हणाले, "काऊन बे नामदेवा, जिता माणूस कापला का?" काका पण हसले. मायनं गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून पुढं काही बोलले नाहीत. गोष्ट तिथंच संपली असती.

मी अकोल्याला गेले. वडिलांना सांगितलं, मामीच्या बाळंतपणाला मदतीला चालले. आणि चार महिन्यांनी इकडं माझा नवरा वारला.

कशानं वारला? कावीळ. मी आता नर्स आहे, मला बोलायचा अधिकार आहे. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. बुलढाण्याला न्यायचं सोडून घरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली आणि माळ लांबली की कावीळ उतरते म्हणत आठ दिवस बसले. माळ लांब झाली. माणूस गेला. पण माळ कोणी घातली, हे कोणी विचारलं नाही. त्या गृहस्थांना कचऱ्यातलं अर्धं तोंड आठवलं. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "मी डोळ्यानं पाह्यलं. नामदेवानं जोडीचा फोटू कापला. टाकलेल्या बाईनं करणी करवली आन ह्यानं कात्री चालवली."

आपल्याकडं समज आहे, जोडीचा फोटो कापू नये, जित्या माणसावर कात्री चालवू नये. मीही त्याच मातीची, माझीही माय फोटो उलटा ठेवू देत नव्हती. असेल समज. पण समजाच्या नावाखाली तुम्ही काय केलं? काकांना लग्नाचं बोलावणं बंद केलं. पोरींना त्यांच्या दुकानावरून नेताना पदर ओढायला लावला. लग्नसराईत जालन्याचा फोटोवाला आणला. काकूंना हळदी-कुंकवातून उठवलं. भरल्या कपाळाच्या बाईला!

आणि कागदाचे फोटो? ते कोणाकडून करवले? सांगा ना! जालन्याला आठ दिवस लागायचे आणि फॉर्मची तारीख उद्याची असायची. मग मागच्या दारानं यायचे सगळे. अंधार पडायला आला की डोक्यावर टॉवेल टाकून यायचे. "नामदेवराव, एवढं पोराचं करून द्या, कोणाले सांगू नका." त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कोणाच्या पोराच्या फॉर्मवर काकांचा चौकोन नाही? ज्या कात्रीनं माणूस मेला म्हणता, त्याच कात्रीखाली स्वतःच्या पोरांची तोंडं कशी दिली हो तुम्ही? तेव्हा करणी नव्हती? तेव्हा सरकारी काम होतं!

मला कळलं ते दीड वर्षानं. तोवर वडिलांनाही ट्रेनिंगचं समजलं होतं, पण तेव्हा मला परत आणणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. मी गावी आले आणि तडक काकांच्या दुकानात गेले. दुकानात लग्नाचा एकही फोटो टांगलेला नव्हता. सगळ्या भिंतीवर चौकोनच चौकोन. मी म्हटलं, "काका, तुमच्यापाशी एक वाक्य होतं. पोरीच्या फॉर्मसाठी केलं, एवढंच म्हणायचं होतं. अख्खा फोटो माझ्या मायकडं होता, तो मागवून दाखवायचा होता. काऊन गप्प बसले?"

ते पट्टीनं काहीतरी मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "तुह्या मायले शब्द देल्ला होता. आन मी बोललो असतो तर तुह्या बापानं तुले पयल्या गाडीनं आणलं असतं. माहं काय, लग्नाचं काम गेलं, चौकोनाचं राह्यलं. तुहं एकच काम होतं. ते गेलं असतं तर काय राह्यलं असतं?"

मी म्हटलं, आता तर मी सुटले, आता सांगू. तर म्हणाले, "आता कोणाले सांगतं? ट्रेनिंग पुरं कर आधी."

आणि भाऊ हो, आता माझा राग माझ्यावर. कारण ट्रेनिंग पुरं झालं. नोकरी लागली. मी पांढरी साडी नेसून या रस्त्यानं कितीदा गेले. अमडापूरकडं दिलेल्या तुमच्या लेकींची बाळंतपणं केली या हातांनी. तेव्हा बोलू शकत होते. नाही बोलले. भ्याले. सासरचे म्हणत होते, नवऱ्याला खाल्लं हिनं. तोंड उघडलं तर ते पुन्हा वर येईल, दवाखान्यात बाया माझ्या हातून सुई घ्यायच्या नाहीत, असं वाटायचं. दर दिवाळीला काकांना भेटायचे, पाया पडायचे आणि गप्पच परत जायचे. काका दर वेळी विचारायचे, "बरी हायेस न?" मी म्हणायचे, हाव, बरी आहे. बारा वर्षं मी नुसती हाव म्हटली. त्यांनी माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं आणि मी माझ्यासाठी. दोन्ही गप्प बसणं सारखं नाही. तुम्हाला शिव्या देताना मी स्वतःला बाजूला काढत नाही.

आज बोलते. ही पहा. ही माझी पिशवी, आणि हा त्यातला फोटो. जोडीचा, अख्खा. हा माझा नवरा, हे त्याचं बाशिंग, ही मी. कुठं आहे कात्री? पुढच्या रांगेतल्या बाया हो, घ्या हातात, मागं द्या, सगळ्यांनी पाहा. बोटं लावा कडांना. माझी माय मरेपर्यंत हा देव्हाऱ्यामागं ठेवून होती. पाहून झाला की परत द्या.

आता टेबलावरच्या फोटोकडं येते, ज्यानं मला राग आला.

काकांचा सुटा फोटो कोणाकडं नव्हता. काकूंकडं पण नव्हता. मग मंडळींनी काय केलं? वाचनालयात एक जुना फोटो टांगलेला आहे, इमारतीच्या उद्घाटनाचा, हे सगळं घडायच्या आधीचा. वीस-बावीस माणसं. काकांनीच तेव्हा कॅमेरा लावला होता, आणि कोणीतरी आग्रह केला, "नामदेवा, तू बी ये की मधात." म्हणून त्यांनी शाळेच्या शिपायाला बटण दाबायला लावलं आणि येऊन उभे राहिले. त्या फोटोत काकांचं तोंड हरभऱ्याएवढं आहे. ते जालन्याला नेऊन तुम्ही एवढं मोठं करून आणलं. नाक कुठं संपतं आणि मिशी कुठं सुरू होते कळत नाही. काका असते तर म्हणाले असते, एवढं वाढवू नका, फुटते. त्यांना विचारायची सोय राहिली नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही वीस माणसांतून काका तेवढे काढले. बाकीची माणसं कापली. जिती माणसं, बरं का. इथं बसलेली, चहा पिऊन आलेली माणसं. परवाच्या दिवशी जालन्यात कात्री चालली, आणि तुमच्यातलं कोणी मेलं नाही. कोणाला ताप पण आला नाही. देवाची कृपा.

थांबा, उठू नका. झालंच माझं.

मघाशी मी फोटोला नमस्कार करायला गेले, तेव्हा हा हार थोडा सरकला. कोणीतरी लगबगीनं येऊन तो परत नीट केला. का केला ते मला तेव्हाच कळलं. आता मी तो हार पुन्हा सरकवते. हं. आता दिसतं सगळ्यांना? काकांच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात. मनगटापासून पुढचा. माणूस कापला, हात राहिला. दोस्तीनं ठेवलेला हात आहे, घट्ट. करंगळीशेजारच्या बोटात खड्याची अंगठी आहे.

तात्या, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. या सभेचे अध्यक्ष. न्हाव्याच्या दुकानातून उठून आलेले गृहस्थ कोण होते, ते मी इतका वेळ सांगितलं नाही. सांगणारही नाही. त्या फोटोत "मधात ये" म्हणणारा कोण होता, तेही नाही. तुमचा डावा हात तुम्ही मघापासून उपरण्याखाली धरून बसला आहात, तो तिथंच राहू द्या. मी ओढून काढणार नाही. ते तुमचं तुम्ही करायचं.

माझं मागणं एवढंच. तुमच्या खिशात ठराव आहे. त्यात कलावंत लिहिलंय, दागिना लिहिलंय. ते सगळं खोडा. एक ओळ लिहा की नामदेवरावांनी जोडीचा फोटो कापला नव्हता, गावानं खोटं म्हटलं. आणि ती तुम्ही, तुमच्या तोंडानं वाचा. लीलाकाकू ऐकायला बसल्या आहेत. तेरा-चौदा वर्षांनंतर त्या पहिल्यांदा गावाच्या मांडवात आल्या आहेत.

ती ओळ वाचून झाली की आपण उभे राहू. रिवाज आहे दोन मिनिटं गप्प राहायचा, तर राहू. गप्प राहण्याची आपल्याला सवय आहे, मलाही आहे. पण या वेळी डोळे मिटायचे नाहीत. करीमचाचांना काकांनी सांगितलं होतं तसे उघडे ठेवायचे, आणि त्या खांद्यावरच्या हाताकडं पाहायचं.

काका, फोटो परत आणलाय. अख्खा आहे. तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार घ्या.

तात्या, उठा. वाचा.